मोबाईल काढून घेतला की पोरगी जेवायला लागेल का?

नाशिकला इंदिरानगरात आमचं मेडिकल आहे, मी स्वतः फार्मासिस्ट, त्यामुळे दिवसभर काउंटरवर माणसं बघणं हाच धंदा. गेल्या काही वर्षांत दोन प्रकारची गिऱ्हाइकं वाढलीयेत. एक म्हणजे कॉलेजच्या पोरी, ज्या जुलाबाच्या गोळ्या मागतात आणि कोणासाठी विचारलं की "आजीसाठी" म्हणतात. दुसऱ्या म्हणजे आया, ज्या आधी टॉनिक मागतात, मग भूक लागायचं सिरप मागतात आणि शेवटी हळूच विचारतात की ताई, ही इन्स्टा बघून बघून जेवतच नाहीये हो, मोबाईलच काढून घेऊ का. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही आणि मागे रांग उभी असते, म्हणून इथे सविस्तर लिहिते. या खाण्याच्या विकारांवर, म्हणजे खाण्याशी जोडलेल्या मनाच्या आजारांवर, जगभरात भरपूर संशोधन झालंय आणि ते वाचून मला एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे आजार सुरू कशाने होतो आणि टिकून कशाने राहतो ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मोबाईलचा हात असतो तो मुख्यतः पहिल्यात. आणि घरात आपण भांडतो ते सगळं पहिल्यावरूनच.

आधी आजार कोणता ते पटकन बघू. डाएट करणं म्हणजे आजार नाही, कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सकाळी जे शेकडो लोक चकरा मारतात ते काय आजारी नाहीत. ॲनोरेक्झियात माणूस खाणं इतकं तोडतो की वजन धोक्याच्या खाली जातं आणि तरी आरशात त्याला आपण जाडच दिसतो. बुलिमियात एकदम भरमसाठ खाल्लं जातं आणि मग ते फेडायला उलट्या, जुलाब, उपास नाहीतर बेफाम व्यायाम, आणि यात वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं त्यामुळे घरात कोणाला ताकास तूर लागत नाही. तिसरा बिंज इटिंग, म्हणजे तसंच ताबा सुटून खाणं आणि नंतर प्रचंड लाज, पण फेडण्याचा प्रकार नाही, हा २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून धरला जातो. आणि हो, ही काही नव्या पिढीची थेरं नाहीत. ॲनोरेक्झिया हे नाव लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी १८७० च्या दशकात दिलंय, तेव्हा इन्स्टा सोडा, सिनेमासुद्धा नव्हता. मानसिक आजारांमध्ये ज्यांत माणसं सगळ्यात जास्त दगावतात त्यांत याचा नंबर बराच वर लागतो, २०११ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला गेला त्यात ॲनोरेक्झिया असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांपेक्षा ५ पटींहून जास्त निघालं. "नखरे करते जेवायचे" म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

आता पडद्याचा आणि याचा संबंध. यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास फिजी बेटांवरचा आहे. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ पर्यंत टीव्हीच नव्हता, आणि तिथली रीत अगदी आपल्या जुन्या घरांसारखी, म्हणजे अंगाने भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची, तब्येत राखून असलेली, आणि कोणाची भूक मेली तर अख्ख्या कुटुंबाला काळजी. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही आल्यावर काही आठवड्यांतच शाळेतल्या मुलींना खाण्याबद्दल प्रश्नावली दिली आणि ३ वर्षांनी १९९८ मध्ये परत त्याच वयाच्या मुलींना दिली. धोक्याच्या रेषेवर स्कोअर गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. आणि वजन कमी करायला उलटी काढणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती, १९९८ मध्ये ११.३ टक्के होत्या. मुली सांगत होत्या की मालिकेतल्या बायका बारीक आहेत, त्यांना नोकऱ्या मिळतात, आम्हालाही तसं व्हायचंय.

आकडे ऐकून धक्का बसतो पण जरा थांबा. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच होत्या, आणि १९९८ च्या मुली वेगळ्या, त्याच नव्हत्या. टीव्ही न आलेलं दुसरं गाव बाजूला ठेवून तुलना केलेली नव्हती, शिवाय टीव्हीबरोबर पैसा, नोकऱ्या, शहराची ओढ हे सगळंच बदलत होतं. म्हणून याला पुरावा म्हणता येत नाही, दाट संशय म्हणता येतो. पण बेकरबाई तिथे परत गेल्या आणि २०११ मध्ये त्यांनी जे छापलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. यावेळी ५०० हून जास्त मुली होत्या. मुलीच्या स्वतःच्या घरी टीव्ही आहे का यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती बघतात याचा संबंध खाण्याच्या बिघाडाशी जास्त स्पष्ट दिसला. म्हणजे तुम्ही घरातला मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवला तरी वर्गातल्या बाकावर बसून "तुझी कंबर बघ, माझी बघ" चालूच राहणार. सुंठेवाचून खोकला जाईल अशी आशा असेल तर हा अभ्यास त्यावर पाणी टाकतो.

बरं, टीव्ही आणि इन्स्टा यात फरक काय, तर टीव्हीवर ऐश्वर्या दिसायची. इन्स्टावर तुमच्या सोसायटीतली, तुमच्याच क्लासची, तुमच्याच वयाची मुलगी दिसते. लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला मोजायला दुसऱ्याकडे बघतो, आणि त्यातही आपल्यासारख्याच माणसाकडे. हिरॉइन सुंदर असणारच, तिचं कामच ते, त्याचं आपल्याला एवढं लागत नाही, पण शेजारची पूर्वा परवापर्यंत आपल्यासारखीच होती ना, मग आज ती गंगापूर रोडच्या त्या कॅफेत अशी कशी दिसतेय? २०१५ मध्ये ११२ बायकांवर एक प्रयोग झाला, काहींना १० मिनिटं स्वतःचं फेसबुक बघायला दिलं, काहींना फॅशन मासिकाची वेबसाईट आणि काहींना दिसण्याशी संबंध नसलेली साधी वेबसाईट. साधी वेबसाईट बघणाऱ्यांपेक्षा फेसबुकवाल्यांचा मूड खराब झालेला निघाला, फक्त १० मिनिटांत. आणि ज्या मुळातच सारखी तुलना करणाऱ्या होत्या त्यांना फेसबुक बघून आपला चेहरा, केस आणि स्किन बदलावीशी वाटायला लागली. वजनाआधी चेहरा आणि स्किन, हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही, कारण माझ्या दुकानात फेअरनेस क्रीमच्या नावाखाली स्टिरॉइडवाली मलमं मागणाऱ्या मुली कमी नाहीत आणि मी त्यांना हात जोडून परत पाठवते.

एक गंमत सांगते, हे प्रत्येक पोरीला सांगायला पाहिजे. सेल्फी काढताना मोबाईल तोंडापासून साधारण १ फुटावर असतो. अमेरिकेतल्या सर्जन लोकांनी २०१८ मध्ये गणित करून दाखवलं की एवढ्या जवळून काढलेल्या फोटोत नाक खऱ्यापेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, आणि तोच फोटो ५ फुटांवरून काढला तर हा फरक जवळजवळ राहतच नाही. कारण साधं आहे, जवळच्या वस्तू मोठ्या दिसतात आणि चेहऱ्यात नाक सगळ्यात पुढे. लोक सेल्फी घेऊन नाकाचं ऑपरेशन करा म्हणून यायला लागले म्हणून त्यांनी हा उद्योग केला. म्हणजे पोरगी दिवसातून वीसदा जो चेहरा बघून रडते तो चेहरा कोणाचाच नाही, लेन्सचा आहे.

मग ॲप बनवणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या (इन्स्टा त्याच कंपनीचं) माजी कर्मचारी बाईंनी कंपनीचे आतले कागद बाहेर काढले, त्यात एका स्लाईडवर होतं की ज्या टीनएज मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यांतल्या ३२ टक्के मुली म्हणाल्या की इन्स्टाने ते आणखी वाईट केलं. इथे नीट वाचा, हा प्रश्न आधीच वाईट वाटणाऱ्यांना विचारलेला होता, बातम्यांमध्ये तो सगळ्या मुलींचा आकडा असल्यासारखा फिरला. पण माझ्या मते उलट हे जास्त गंभीर आहे, कारण जखम ज्यांना आहे त्यांच्याच जखमेवर मीठ पडतंय असा त्याचा अर्थ.

आणि तेच दुसऱ्या एका अभ्यासात अगदी उघडं दिसतं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टिकटॉकने लोकांना दाखवलेले १० लाखांहून जास्त व्हिडिओ तपासले, ४२ जण खाण्याचे विकार असलेले आणि ४९ जण नसलेले, महिनाभराचा डेटा. आजारी लोकांना डाएटचे व्हिडिओ ३३५ टक्के जास्त दाखवले गेले होते आणि आजाराला खतपाणी घालणारे विषारी व्हिडिओ तर ४३४३ टक्के जास्त. आता तुम्ही म्हणाल की त्या लाईक करत असतील म्हणून येत असतील. तसं नव्हतं, लाईकमधला फरक किरकोळ होता. अल्गोरिदमला, म्हणजे कोणाला काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या ॲपच्या गणिताला, लाईकची गरजच नसते, तुम्ही कुठे दोन सेकंद जास्त थांबलात, काय परत बघितलं, हे त्याला पुरतं. भीतीने थांबलात की आवडीने, हे त्याला कळत नाही आणि कळून करायचंय पण काय. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे हे खरं, पण रील्स आणि शॉर्ट्स चालतात त्याच तत्त्वावर, फरक दुकानाच्या पाटीचा.

एवढं वाचून कोणी म्हणेल, झालं तर मग, मोबाईलच गुन्हेगार. तर आता दुसरी बाजू. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये अमेरिका-ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून जास्त मुलांचा डेटा चाळला आणि निष्कर्ष काढला की मुलांच्या एकूण मनःस्वास्थ्यात जो फरक असतो त्यातला फार तर ०.४ टक्के फरक डिजिटल वापराने समजावता येतो. त्याच डेटात बटाटे नियमित खाण्याचाही संबंध जवळपास तेवढाच वाईट निघाला! हा बटाट्याचा दाखला खूप गाजला. पण ते सगळ्या प्रकारच्या स्क्रीनबद्दल आणि एकूण मनःस्वास्थ्याबद्दल होतं, शरीराबद्दलच्या नाराजीपुरतं नव्हतं. शिवाय सरासरीची एक भानगड असते. ९५ पोरींना काहीच होत नसेल आणि ५ पोरींना भयंकर होत असेल तरी सरासरी छोटीच येते, आणि माझ्या काउंटरवर येणारी आई त्या ५ मधल्या एकीची असते. ऑर्बेन यांनीच २०२२ मध्ये परत दाखवलं की मुलींना ११ ते १३ या वयात आणि मुलांना १४-१५ ला सोशल मीडियाचा वापर जास्त बाधतो, आणि पुढे १९ च्या आसपास दोघांना परत. म्हणजे सहावी-सातवी-आठवी. आपल्याकडे मोबाईल हातात पडतो तो नेमका याच वयात, ट्यूशनच्या ग्रुपसाठी म्हणून.

मग त्या पाचच का? एकाच बाकावरच्या दोघी तेच रील बघतात, एक हसून पुढे जाते आणि दुसरी त्या रात्रीपासून पोळी सोडते. यात रक्ताचा भाग मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की ॲनोरेक्झियाची शक्यता माणसामाणसांत कमीजास्त का असते यातला साधारण निम्मा किंवा थोडा जास्त वाटा अनुवंशाचा आहे. २०१९ मध्ये जवळपास १७ हजार पेशंटचे जीन तपासले तेव्हा आजाराशी जोडलेल्या ८ जागा सापडल्या, आणि त्यांचा संबंध मनाच्या आजारांशी तर होताच पण शरीर साखर आणि चरबी कशी वापरतं याच्याशीही होता. म्हणजे काहींचं शरीरच उपासमारीला वेगळं उत्तर देतं. हे मी का सांगतेय, तर "आमचं कुठे चुकलं" म्हणून रात्रभर जागणाऱ्या आयाबापांसाठी, आणि "तिला काय कमी आहे, लाडाने बिघडलीय" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठीही.

आता आजार टिकतो कशाने ते बघू, मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९४४-४५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना ६ महिने अर्धपोटी ठेवलं. जबरदस्ती नव्हती, युद्धात लढायला नकार दिलेली ही मुलं स्वतःहून आली होती, युरोपातल्या भुकेल्या लोकांना परत कसं खायला घालायचं हे शोधायचं होतं. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं, आरशाशी देणंघेणं नव्हतं, मानसिक तपासणी करूनच घेतलेले. साधारण चौथाई वजन उतरलं. आणि मग जे झालं ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते हुबेहूब आजच्या आजारी पोरीचं वर्णन आहे. ते घास घास तासभर चघळत बसायचे, जेवणाचे बारीक तुकडे करून ताटात इकडून तिकडे करायचे. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ज्यांनी आयुष्यात चहा केला नव्हता ते! दुसऱ्याला जेवताना बघत बसायचे, मित्रांपासून तुटले, चिडके झाले, उदास झाले, थंडी वाजायची. आणि पोटभर खायला द्यायला लागल्यावरसुद्धा लगेच बरे झाले नाहीत, काही जण खात सुटले आणि थांबता येईना, काहींना उलट पोटावर चरबी येतेय म्हणून चिंता लागली जी त्यांना आधी कधीच नव्हती.

समजलं ना काय म्हणतेय? हट्ट, लपवाछपवी, ताटाशी खेळणं, दिवसरात्र खाण्याचाच विचार, यातलं बरंच काही भुकेचंच फळ आहे. आई म्हणते, "बघा ना, स्वतः खात नाही आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पावभाजी, चीजकेक, मिसळीचे रील बघत बसते, घरात सगळ्यांसाठी केक करते आणि स्वतः चमचासुद्धा चाटत नाही, नाटक आहे हे." नाटक नाहीये हो. उपाशी मेंदू अन्नच शोधणार, १९४५ मध्ये त्याला पाककृतीची पुस्तकं मिळाली, आज रील मिळतात. तिने बघितले म्हणून अल्गोरिदम आणखी देतो, त्यात मध्येच "दिवसभरात मी काय खाते" छापाचे व्हिडिओ घुसतात, आणि चक्र फिरत राहतं. आता यात मोबाईल हिसकावला तर रील थांबतील, मान्य, पण भूक तशीच राहते आणि भुकेल्या मेंदूशी तुम्ही कितीही शहाणपणाने बोला, त्याला पटवून घेता येत नाही. म्हणून या आजाराच्या उपचारात पहिलं औषध जेवण असतं. समुपदेशन, मनाची कारणं, स्वाभिमान वगैरे सगळं त्याच्याबरोबर नाहीतर त्याच्यानंतर.

जुलाबाच्या गोळ्यांबद्दल बोलणं माझं कामच आहे म्हणून सांगते. त्याने वजन कमी होतं हा शुद्ध गैरसमज आहे. जेवणातलं सत्त्व शोषलं जातं लहान आतड्यात, आणि या गोळ्या काम करतात मुख्यतः मोठ्या आतड्यावर, म्हणजे चोर निघून गेल्यावर दाराला कुलूप. १९८३ साली हे प्रत्यक्ष मोजून बघितलं गेलं, भयानक जुलाब होऊनही शोषलेल्या कॅलरीत फरक पडला तो फक्त १२ टक्के. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी, आणि त्या पाण्याबरोबर जातं पोटॅशियम. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते चेहऱ्यावर दिसत नाही, मुलगी हसतखेळत असते. सारख्या उलट्यांनीही तेच होतं, वर दातांचं एनॅमल जातं, कधीकधी सगळ्यात आधी कळतं ते दातांच्या डॉक्टरला. "आजी"ला वारंवार गोळ्या लागायला लागल्या की मी आता आजीलाच फोन लावून दे म्हणते.

आपल्या घरांत हा आजार आणखी एका पडद्याआड लपतो. सोमवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, मग नवरात्र. कालिका मातेच्या यात्रेच्या दिवसांत निम्मं नाशिक उपाशी असतं आणि त्यात काही वाईट नाही, माझाही उपास असतो. पण जी पोरगी एरवी देवाला हात जोडत नाही तिने अचानक आठवड्याचे तीन वार धरले, आणि उपासाच्या दिवशी खिचडी, रताळं, राजगिरा लाडू काहीच नको फक्त काळी कॉफी, तर तो उपास देवीचा नाही. शिवाय आपल्याकडच्या सगळ्या पेशंट "मला जाड व्हायची भीती वाटते" असं म्हणतातच असं नाही. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुण मुलींच्या केसेस छापल्या होत्या, खाणं सोडलेलं, उलट्या, वजन उतरलेलं, पाळी बंद, पण आपण जाड आहोत असं त्यांच्या डोक्यात नव्हतं. हाँगकाँगच्या सिंग ली यांनीही तिथल्या पेशंटबद्दल हेच लिहिलंय, त्या म्हणायच्या पोट गच्च वाटतं, भूकच नाही. त्यामुळे "ती तर जाडीबद्दल बोलतच नाही, ॲसिडिटीच असेल" म्हणून वर्षभर अँटासिड घेत बसणारी घरं असतात, ती मी बघते.

संशोधक म्हणतात शरीराबद्दलची नाराजी तीन ठिकाणांहून येते, घरचे, मित्रमैत्रिणी आणि मीडिया. पहिल्यावर आपण सोयीस्कर गप्प बसतो. लग्नात दोन वर्षांनी भेटलेली मावशी "अगंबाई, किती सुटलीस" याने सुरुवात करते. पुढच्याच वर्षी तीच मुलगी आजारी पडून वाळली तर तीच मावशी "आता कशी छान दिसतेस, काय केलंस, मला पण सांग" म्हणते, आणि त्या पोरीसाठी हे वाक्य हजार लाइकांपेक्षा भारी असतं, कारण तिचा आजार बरोबर आहे असं घरातल्या मोठ्या माणसाने शिक्का मारून दिलेलं असतं. लग्नाच्या बायोडेटात गोरी-सडपातळ लिहिणारे आपण, आणि दोष सगळा झुकरबर्गला.

मुलग्यांचं थोडक्यात सांगते, म्हणजे विषय छोटा म्हणून नाही, त्यावर वेगळं लिहायला लागेल. त्यांच्यात उलटं असतं, कितीही बॉडी झाली तरी आपण काडीपैलवानच दिसतो असं वाटणं. १९९० च्या दशकात हॅरिसन पोप यांनी जिममधल्या पोरांत हे पाहिलं तेव्हा त्याला आधी उलटा ॲनोरेक्झिया म्हटलं, नंतर मसल डिस्मॉर्फिया. प्रोटीन पावडर मागतो तो आजारी नाही. पण भावाच्या लग्नात जेवत नाही कारण डबा आणलाय, जिम चुकली तर दिवसभर घुसमटतो, आणि मग इंजेक्शनबद्दल विचारायला येतो, तिथे लक्ष द्या.

मग करायचं काय? मोबाईलबाबत आधी. कॅनडात ओटावाला १७ ते २५ वयाच्या २२० विद्यार्थ्यांवर एक चांगला प्रयोग झाला, २०२३ मध्ये छापून आला. निम्म्यांना सांगितलं ३ आठवडे सोशल मीडिया दिवसाला १ तासच, बाकीच्यांना नेहमीसारखं. कमी वापरणाऱ्यांना आपल्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटायला लागलं, दुसऱ्या गटात काही फरक नाही. लक्षात घ्या, ही आजारी मुलं नव्हती, थोडी उदास-चिंतेत असलेली होती, आणि त्यांनी स्वतः कबूल होऊन कमी केलं होतं, कोणी बाथरूममधून हिसकावून नेला नव्हता. म्हणजे आजार लागायच्या आधी हे कामाचं आहे. फीड साफ करणं, म्हणजे ज्या अकाउंटने पोटात गोळा येतो ते म्यूट करणं, नको असलेल्या रीलवर "नॉट इंटरेस्टेड" दाबत राहणं, हेही पोरीला बरोबर घेऊन करता येतं. कायद्यांचं म्हणाल तर नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीत शरीर एडिट केलं असेल तर लेबल लावावं लागतं, पण फोटो एडिट केलाय असं लिहिल्याने बघणाऱ्याला बरं वाटतं असं प्रयोगांत काही दिसत नाही, डोळा लेबल वाचतो आणि मन तुलना करून मोकळं होतं. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ च्या खालच्यांना सोशल मीडिया अकाउंटच बंद केलंय, ते कसं जमतंय बघू.

आणि आजार आधीच लागला असेल असा संशय असेल तर लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पाच साधे प्रश्न बनवलेत. पोट फार भरलं म्हणून उलटी काढतेस का. किती खातेय यावर ताबा राहत नाही याची काळजी वाटते का. गेल्या ३ महिन्यांत ६ किलोपेक्षा जास्त वजन उतरलंय का. बाकीचे बारीक म्हणत असताना तुला आपण जाड वाटतो का. खाण्याच्या विचारानेच दिवस व्यापलाय का. दोन किंवा जास्त हो आले तर डॉक्टर गाठा. विचारताना स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर नको, ताट समोर असताना तर अजिबात नको. पाळी चुकणं, चक्कर, सारखी थंडी, केस गळणं, जेवण झाल्या झाल्या बाथरूम, ढगळे कपडे, हे दिसत असेल तर प्रश्नांचीही वाट बघू नका. आधी फिजिशियनकडे नाडी, बीपी, ईसीजी आणि पोटॅशियम-फॉस्फरसची रक्ततपासणी. खूप दिवस उपाशी असलेल्या माणसाला घरीच घाईने तुपासकट कोंबू नका, शरीरातलं फॉस्फरस एकदम पडून जीवावर बेतू शकतं, खाणं किती आणि कसं वाढवायचं हे डॉक्टरच सांगतील.

शाळा-कॉलेजच्या वयातल्या ॲनोरेक्झियासाठी सगळ्यात भक्कम पुरावा ज्या उपचाराला आहे तो लंडनच्या मॉड्स्ले हॉस्पिटलातून आला, आणि आपल्या घरांना तो जमण्यासारखा आहे. त्यात आईबाबांना दोषी धरत नाहीत, उलट काही महिने जेवणाची सूत्रं त्यांच्याच हातात देतात, काय आणि किती ते घरचे ठरवणार, शेजारी बसून खाऊ घालणार, ओरडा न करता पण मागे न हटता, आणि वजन सावरलं की हळूहळू ताबा परत मुलीकडे. २०१० मध्ये छापलेल्या १२१ मुलामुलींच्या अभ्यासात उपचार संपल्यावर वर्षाने या पद्धतीतले ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्या मुलीशी बोलून केलेल्या थेरपीत २३ टक्के. बुलिमिया आणि बिंजसाठी सीबीटी नावाची बोलण्याची थेरपी चालते, बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे औषधही उपयोगी पडतं पण ते सायकिअॅट्रिस्टच्या चिठ्ठीवरच, मला काउंटरवर गळ घालू नका. भूक वाढवायच्या सिरपने यातलं काहीही बरं होत नाही. वजन आलं म्हणून लगेच उपचार थांबवू नका, डोकं शरीराच्या बरंच मागून येतं.

नाशिकमध्ये सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, खासगी सायकिअॅट्रिस्टही भरपूर आहेत, भेटायच्या आधी फोन करून विचारा की खाण्याच्या विकाराच्या केसेस बघता का. आणि कुठून सुरुवात करायची हेच कळत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, आणि फोन पेशंटनेच करायला पाहिजे असं नाही, आई, बाबा, मैत्रीण, होस्टेलच्या रेक्टरबाई, कोणीही करू शकतं.